एलसीडीचा ‘कॉन्ट्रास्ट’ : एका रूढ परिपथाची आणि त्याच्या ‘सुधारणे’ची चिकित्सा

सारांश : मायक्रोकंट्रोलरला जोडल्या जाणाऱ्या अक्षर-एलसीडीच्या तिसऱ्या पिनवरील व्होल्टेज हा आपल्या प्रयोगशाळांमध्ये ‘कॉन्ट्रास्टसाठी १०के पॉट’ एवढ्या चार शब्दांत संपवला जाणारा विषय आहे. प्रस्तुत लेखात हा रूढ परिपथ आणि त्याच्या जागी विद्यार्थी-प्रकल्पांतून सुचविली जाणारी पीडब्ल्यूएम पद्धती या दोहोंची चिकित्सा केली आहे. दोन्हींतील दोषाचे मूळ एकच आहे. ते म्हणजे या पिनमधून बाहेर येणाऱ्या विद्युतप्रवाहाची दखलच न घेणे.

बीजसंज्ञा : अक्षर-एलसीडी, कॉन्ट्रास्ट व्होल्टेज, पीडब्ल्यूएम, चार्ज पंप, प्रात्यक्षिक अध्यापन.

प्रास्ताविक

मायक्रोकंट्रोलर हा विषय ज्या ज्या महाविद्यालयात शिकविला जातो, तेथील प्रात्यक्षिक-वहीत एक आकृती हमखास आढळते. डावीकडे ८०५१, उजवीकडे १६ बाय २ एलसीडी, मधून जाणाऱ्या आठ डेटा-तारा, तीन नियंत्रण-तारा, आणि कोपऱ्यात तिसऱ्या पिनला जोडलेला एक पॉट. पॉटची दोन टोके ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांना, मधला पाय एलसीडीला. खाली लिहिलेले असते : ‘१०के, कॉन्ट्रास्ट ॲडजस्टमेंटसाठी’. तोंडी परीक्षेत या पॉटविषयी प्रश्न विचारला, की विद्यार्थी हेच वाक्य म्हणून दाखवतो आणि बहुतेक वेळा परीक्षकही त्यावर समाधान मानून पुढच्या पिनकडे वळतो.

हे वाक्य चुकीचे आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्यातील ‘कॉन्ट्रास्ट’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे, ‘१०के’ हा आकडा कोठून आला हे सहसा कोणी सांगत नाही आणि ‘ॲडजस्टमेंट’ कशाची होते हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. केवळ पॉटपुरता प्रश्न असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. कसाही जोडला तरी पॉट फिरवता फिरवता कोठेतरी अक्षरे उमटतात आणि काम भागते. परंतु हे व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरकडून निर्माण करावयाचे ठरले, की न समजलेल्या वाक्याची किंमत मोजावी लागते, आणि ती प्रायः विद्यार्थ्याला मोजावी लागते.

या संदर्भात एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका महाविद्यालयात बहिःस्थ परीक्षक म्हणून गेला होता. एका गटाने पॉट काढून टाकून कॉन्ट्रास्ट बटणांनी बदलण्याची योजना केली होती. मायक्रोकंट्रोलरच्या पीडब्ल्यूएम पिनपासून १० किलो-ओहमचा रेझिस्टर, पुढे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि तेथून एलसीडीची तिसरी पिन, अशी ती जोडणी होती. पटल कोरे होते. बटणे दाबून पाहिली, प्रोग्रॅम पुन्हा भरला, एलसीडी बदलली, पटल कोरेच राहिले. ‘प्रोग्रॅममध्ये चूक असावी’ असा शेरा देऊन लेखकाने त्यांचे गुण कमी केले. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. ती कोठे होती हे परतीच्या प्रवासात कागदावर आकडेमोड केल्यावर उलगडले आणि तोवर गुणपत्रक सादर झाले होते. पुढील विवेचनाला त्या आकडेमोडीची पार्श्वभूमी आहे.

‘कॉन्ट्रास्ट’ या शब्दाविषयी

या एलसीडींच्या मुळाशी हिताची कंपनीचा एचडी४४७८० हा नियंत्रक आहे. १९८० च्या दशकातील ही चिप आज मूळ रूपात क्वचितच आढळते, परंतु तिच्याशी सुसंगत नियंत्रक बसविलेली मोड्यूल्स अद्याप सर्वत्र विकली जातात. दोन ओळींच्या पटलात १६ आडव्या रांगा एकामागून एक निवडल्या जातात. म्हणजे कोणत्याही एका ठिपक्याच्या वाट्याला पूर्ण निवड-व्होल्टेज केवळ एक-सोळांश काळ येते आणि उरलेल्या काळात शेजारच्या रांगांसाठी असलेल्या व्होल्टेजचा काही अंश त्याला सोसावा लागतो. द्रवस्फटिक या सर्वांच्या आरएमएस मूल्याला प्रतिसाद देतो. ध्रुवता सतत उलटसुलट केली जाते, कारण एकदिश व्होल्टेजने द्रवस्फटिक खराब होतो.

ऑल्ट आणि प्लेश्को यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की अशा रचनेत पेटलेल्या आणि विझलेल्या ठिपक्यांवरील आरएमएस व्होल्टेजचे गुणोत्तर रांगांच्या संख्येने बांधलेले असते. सोळा रांगांसाठी ते जास्तीत जास्त १.२९ इतकेच होऊ शकते. पाचव्या पिढीतील मायक्रोकंट्रोलर आणला किंवा महागडा पॉट लावला, तरी त्यात वाढ होत नाही.

आता तिसऱ्या पिनचे काम पाहू. ५ व्होल्टचा पुरवठा आणि तिसऱ्या पिनवरील व्होल्टेज यांतील फरक हा पटलाला मिळणारा एकूण चालक-व्होल्टेज होय. तिसऱ्या पिनवर ०.५ व्होल्ट असेल तर हा फरक ४.५ व्होल्ट होतो आणि त्यातून विझलेल्या ठिपक्यावर १.१० व पेटलेल्या ठिपक्यावर १.४२ व्होल्ट आरएमएस पडतात. तीच पिन थेट ग्राउंडला जोडली तर हे आकडे १.२२ आणि १.५८ होतात, आणि १ व्होल्टवर नेली तर ०.९८ आणि १.२६. तिन्ही जोड्यांचे गुणोत्तर तेच, १.२९. द्रवस्फटिकाचा उंबरठा मात्र आपल्या जागी स्थिर असतो. पहिल्या जोडीत तो दोन आकड्यांच्या मधोमध येतो आणि अक्षरे स्वच्छ दिसतात. दुसरीत विझलेले ठिपकेही उंबरठ्याजवळ पोहोचतात व अक्षरांमागे करड्या चौकटी उमटतात. तिसरीत पेटलेले ठिपकेच फिकट पडतात.

म्हणजे पॉट फिरवून आपण कॉन्ट्रास्ट वाढवत वा कमी करत नाही. ठरलेल्या रुंदीची एक खिडकी आपण उंबरठ्यावर पुढे-मागे सरकवतो. ही गोष्ट वर्गात सांगण्यास दहा मिनिटे पुरतात. ती सांगितली, की विद्यार्थ्यांना छळणारे एक जुने कोडेही सुटते. एलसीडीला वीज दिल्याबरोबर, प्रोग्रॅम चालण्यापूर्वी, वरच्या ओळीत सोळा काळ्या चौकटी दिसतात आणि विद्यार्थी पॉटकडे धावतो. वस्तुतः वीज मिळताच नियंत्रक आपणहून एका ओळीच्या पद्धतीत, म्हणजे आठ रांगांच्या निवडीत, सुरू होतो. तेव्हा त्याच ४.५ व्होल्टला विझलेल्या ठिपक्यांवर १.१० ऐवजी १.२७ व्होल्ट पडतात आणि ते काळवंडतात. या चौकटी म्हणजे नियंत्रकाला दोन ओळींची आज्ञा अद्याप पोहोचली नसल्याची खूण आहे. पॉट बिचारा निर्दोष असतो.

१०के चा आकडा

तिसऱ्या पिनच्या आत काय आहे, हे रूढ आकृतीत दाखविलेले नसते. मोड्यूलच्या पाठीमागे पाच रेझिस्टरांची एक शिडी असते. तिचे वरचे टोक ५ व्होल्टला आणि खालचे तिसऱ्या पिनला जोडलेले असते. अनेक मोड्यूल्सवर प्रत्येक रेझिस्टर सुमारे २.२ किलो-ओहमचा असतो, म्हणजे शिडीचा एकूण रोध ११ किलो-ओहम. पुरवठा बंद ठेवून दुसऱ्या व तिसऱ्या पिनमध्ये मल्टिमीटर लावला तर याचा अंदाज मिळतो. मोड्यूलगणिक हा आकडा बदलतो हे ध्यानात ठेवावे. पुढील सर्व गणित ११ किलो-ओहम धरून केले आहे.

याचा अर्थ, ही पिन व्होल्टेज ‘मोजणारी’ नसून तिच्यातून सुमारे ०.४ मिलिॲम्पिअर प्रवाह बाहेर येत असतो आणि बाहेरच्या परिपथाला तो ग्राउंडकडे वाहून न्यावा लागतो. १० किलो-ओहमचा पॉट रूढ पद्धतीने जोडला, तर ०.३ ते १ व्होल्ट हा उपयोगाचा पट्टा मिळविण्यासाठी खालच्या बाजूचा रोध ०.३३ ते १.२२ किलो-ओहम असावा लागतो. म्हणजे पॉटच्या संपूर्ण फेरीचा जेमतेम नऊ टक्के भाग. २७० अंश फिरणाऱ्या पॉटवर तो चोवीस अंशांचा होतो. उरलेल्या सर्व फेरीत पटल कोरे. विद्यार्थ्याला ‘पॉट नाजूकपणे फिरव’ असे आपण सांगतो, त्यामागचे कारण हे आहे. दोष त्याच्या हाताचा नाही.

वरचे टोक न जोडता २.२ किलो-ओहमचा पॉट केवळ तिसरी पिन आणि ग्राउंड यांच्यात दोन पायांनी लावला, तर शून्य ते ०.८३ व्होल्ट हा पट्टा संपूर्ण फेरीवर पसरतो. कायमस्वरूपी मांडणीसाठी तर १ किलो-ओहमचा एकच रेझिस्टर पुरेसा आहे. त्याने ०.४२ व्होल्ट मिळतात. शिडी स्वतःच पॉटच्या वरच्या अर्ध्याचे काम करते. तिसरा पाय जोडण्याची प्रथा कोणी व का पाडली, हे शोधण्याचा प्रयत्न येथे केलेला नाही. एका पुस्तकातील आकृती दुसऱ्यात उतरली आणि दुसऱ्यातील प्रात्यक्षिक-वहीत उतरली, एवढे मात्र आकृत्यांच्या साम्यावरून सहज लक्षात येते.

पीडब्ल्यूएमची ‘सुधारणा’

आता त्या कोऱ्या पटलाकडे वळू. पीडब्ल्यूएम पिनपासून १० किलो-ओहम घेतले असता, ड्यूटी सायकल शून्य केली तरी काय होते? पिन ग्राउंडला असते, १० किलो-ओहम आणि शिडीचे ११ किलो-ओहम मिळून विभाजक तयार होतो आणि तिसऱ्या पिनवर २.३८ व्होल्ट येतात. पटलाला उरतात २.६२ व्होल्ट. यात अक्षर उमटणे अशक्य आहे. ड्यूटी वाढवावी तसे व्होल्टेज आणखी वरच चढते. त्या गटाने बटणे कितीही दाबली असती तरी पटल कोरेच राहिले असते. आणि खेदाची बाब अशी, की १० किलो-ओहम व १० मायक्रोफॅरड हा गाळण-परिपथ स्वतः चुकीचा नव्हता. पुढील टप्पा प्रवाह घेत नाही वा देत नाही या गृहीतकावर तो उत्तम चालतो. विद्यार्थ्यांनी पुस्तकातले गृहीतक उचलले आणि त्यांना ते तपासण्यास आपण कोणी शिकविले नव्हते.

उपाय म्हणून रेझिस्टर ४७० ओहमचा केला तर ड्यूटी शून्य असताना ०.२ व्होल्ट आणि दहा टक्क्यांना ०.६८ व्होल्ट मिळतात. पटल दिसू लागते. तथापि येथे दुसरी अडचण उद्भवते. अर्ड्विनो ऊनो या प्रचलित बोर्डावरील बहुतेक पिनांची पीडब्ल्यूएम वारंवारता सुमारे ४९० हर्ट्झ असते. ४७० ओहम व १० मायक्रोफॅरड या जोडीवर दहा टक्के ड्यूटीला सुमारे ०.२ व्होल्टची लहर उरते. ज्या खिडकीची एकूण रुंदी काही दशांश व्होल्ट आहे, तिच्यासाठी ही लहर लहान नव्हे. पटल स्वतः सुमारे ८४ हर्ट्झने ताजे होत असल्याने या दोन आवृत्त्यांचा मेळ न बसून मंद थरथरही दिसू शकते. टायमरची मांडणी बदलून वारंवारता ३१ किलोहर्ट्झ केली, की तीच लहर सुमारे ३ मिलिव्होल्टवर येते. प्रोग्रॅममधील एका ओळीचा हा बदल आहे. मोठा कपॅसिटर शोधत बसण्यापेक्षा तो केव्हाही श्रेयस्कर.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ०.२ ते ०.९ व्होल्ट हा उपयोगी पट्टा या जोडणीत शून्य ते साडेचौदा टक्के ड्यूटीत संपतो. आठ-बिट पीडब्ल्यूएमच्या २५६ पायऱ्यांपैकी जेमतेम ३७ कामाच्या, बाकीच्या पटल कोरे ठेवणाऱ्या. पॉटमधील चोवीस अंशांचा दोष नव्या वेशात परत आला, असे म्हणावे लागेल.

आणि येथे जुन्या ८०५१ विषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. या चिपच्या पोर्टवर आपण नेहमी टीका करतो, की त्यातून प्रवाह बाहेर देण्याची क्षमता नगण्य आहे, पिन ‘एक’ केल्यावर तिच्यातून केवळ काही मायक्रोॲम्पिअर मिळतात. पोर्ट शून्य तर ओपन-ड्रेनच आहे. एलसीडीच्या तिसऱ्या पिनला मात्र प्रवाह घ्यावयाचा नसून द्यावयाचा आहे. त्यामुळे पिन ‘शून्य’ असताना ४७० ओहममधून प्रवाह ओढून घेतला जातो आणि ‘एक’ असताना पिन जवळजवळ सुटी राहते, शिडीच कपॅसिटरला वर नेते. या रीतीने ड्यूटी शून्य असता ०.२ व्होल्ट, पन्नास टक्क्यांना ०.३९ आणि ऐंशी टक्क्यांना ०.८८ व्होल्ट मिळतात. साडेचौदा टक्क्यांत कोंबलेला पट्टा ऐंशी टक्क्यांवर पसरतो. मूळ ८०५१ मध्ये पीडब्ल्यूएमची स्वतंत्र सोय नाही, ती टायमरच्या इंटरप्टमधून करावी लागते हे खरे. परंतु ज्या गुणाला आपण वर्गात उणीव म्हणून शिकवतो, तोच येथे नेमका हवा असतो. नव्या मायक्रोकंट्रोलरवर हाच परिणाम साधण्यासाठी मध्ये एक एनपीएन ट्रान्झिस्टर घालून त्याच्या कलेक्टरला ४७० ओहम लावला की झाले. ट्रान्झिस्टरमुळे ड्यूटीचा अर्थ उलटा होतो, एवढे प्रोग्रॅममध्ये लक्षात ठेवावे.

३.३ व्होल्टचा प्रश्न

अलीकडचे बहुतांश मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टवर चालतात. एलसीडीही त्याच पुरवठ्यावर चालविण्याचा आग्रह धरला (आणि नियंत्रकाला ते चालते), तर पटलाला लागणाऱ्या ४.५ व्होल्टसाठी तिसरी पिन शून्याखाली, उणे १.२ व्होल्टवर न्यावी लागते. पॉट वा साधा पीडब्ल्यूएम येथे निरुपयोगी ठरतो. यासाठी मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनवर चौकोनी लहर निर्माण करून दोन डायोड व दोन कपॅसिटर यांचा चार्ज पंप जोडण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. आयसीएल७६६० सारखी स्वतंत्र चिपही मिळते, परंतु पिन मोकळी असताना ती विकत घेण्याचे कारण नाही.

युक्ती चांगली आहे. तिच्यासोबत दिले जाणारे स्पष्टीकरण मात्र बहुधा चुकते. ‘ड्यूटी बदला म्हणजे ऋण व्होल्टेज बदलेल’ असे सांगितले जाते. चार्ज पंपातील कपॅसिटरला प्रत्येक अर्ध्या आवर्तनात पूर्ण भरण्यास वा रिकामा होण्यास पुरेसा वेळ मिळत असेल, तर ड्यूटी वीस टक्के असो वा ऐंशी, निर्गत व्होल्टेजमध्ये फारसा फरक पडत नाही. ते लहरीच्या उंचीवर, डायोडवरील घटीवर आणि दर आवर्तनात किती विद्युतभार वाहिला जातो यावर अवलंबून असते. ३.३ व्होल्टमधून दोन सिलिकॉन डायोडांची सुमारे १.२ व्होल्टची घट वजा केली, की उणे २.१ व्होल्ट ही मर्यादा मिळते. १ मायक्रोफॅरडच्या पंप-कपॅसिटरने १ किलोहर्ट्झला ०.४ मिलिॲम्पिअर ओढताना त्यातून ०.४ व्होल्ट आणखी जातात, तर ५०० हर्ट्झला ०.८ व्होल्ट. म्हणजे वारंवारता ५०० हर्ट्झच्या आसपास आणली की तिसरी पिन उणे १.३ व्होल्टजवळ स्थिरावते. येथे नियंत्रणाची खुंटी वारंवारता ही आहे, ड्यूटी नव्हे.

अर्थात कपॅसिटरच्या किमतीत वीस टक्क्यांचा फरक सहज असतो, तेव्हा केवळ वारंवारता ठरवून निश्चिंत राहता येणार नाही. ३.३ व्होल्ट आणि तिसरी पिन यांच्यामध्ये दोन समान, १०० किलो-ओहमचे रेझिस्टर लावून त्यांचा मध्यबिंदू एडीसीला द्यावा. पिन उणे १.२ व्होल्टवर असेल तर मध्यबिंदू अधिक १.०५ व्होल्टवर राहतो, म्हणजे एडीसीला ऋण व्होल्टेजची झळ बसत नाही. हे वाचन पाहून प्रोग्रॅमने वारंवारता कमी-अधिक करावी. पदवीच्या विद्यार्थ्याला बंद-चक्र नियंत्रणाचे याहून स्वस्त उदाहरण क्वचितच मिळेल.

बदलते व्होल्टेज कशासाठी?

एवढा खटाटोप करून व्होल्टेज बदलता ठेवण्याची आवश्यकता काय, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. टेबलावरच्या प्रात्यक्षिकासाठी १ किलो-ओहमचा रेझिस्टर पुरतो हे वर म्हटलेच आहे. परंतु द्रवस्फटिकाचा उंबरठा तापमानानुसार सरकतो, उष्णतेत खाली आणि थंडीत वर. जुलैमध्ये प्रयोगशाळेत नीट दिसणारे उपकरण नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंशांवर ठेवले, तर अक्षरांमागे काळ्या चौकटी येतात, आणि थंड प्रदेशातल्या जानेवारीच्या पहाटे अक्षरे पुसट होतात. शिवाय पटल कोणत्या कोनातून वाचले जाते यावरही योग्य व्होल्टेज अवलंबून असते. भिंतीवर डोक्याच्या वर लावलेल्या आणि टेबलावर ठेवलेल्या त्याच उपकरणाला वेगवेगळे मूल्य लागते. मायक्रोकंट्रोलरकडे तापमापक असेल, तर व्होल्टेज तापमानानुसार आपोआप सरकविणे हा पीडब्ल्यूएमचा खरा लाभ आहे. विद्यार्थी-प्रकल्पांत बटणांनी कॉन्ट्रास्ट बदलण्यावर भर दिसतो, तापमानाचा उल्लेखही आढळत नाही.

बटणांच्या पद्धतीत एक अंतर्विरोधही दडलेला आहे, आणि तो परीक्षकांनी अवश्य विचारावा. कॉन्ट्रास्ट बदलण्याची यादी त्याच पटलावर दिसते. वापरणाऱ्याने चुकून मूल्य पट्ट्याबाहेर नेले, की पटल कोरे होते आणि ते पूर्ववत करण्याची यादी वाचता येत नाही. मूल्य ईप्रॉममध्ये साठविले असेल, तर वीज बंद-चालू करूनही सुटका नाही. यासाठी प्रोग्रॅममध्ये किमान व कमाल मर्यादा घालाव्यात, आणि एखादे बटण दाबून ठेवून वीज चालू केल्यास साठविलेले मूल्य सोडून मूळ मूल्य घेतले जावे. प्रत्येक पायरीला ईप्रॉममध्ये लिहू नये, यादीतून बाहेर पडताना एकदाच लिहावे. एव्हीआर मालिकेत या लेखनांची हमी एक लाखापर्यंत आहे आणि दाबून धरलेले बटण ती अनपेक्षित वेगाने खर्च करू शकते.

पुढील नियंत्रकांनी हा सारा व्यवहार चिपच्या आत नेला आहे. नोकिया ५११० च्या पटलातील पीसीडी८५४४ मध्ये चालक-व्होल्टेज आज्ञेने ठरते. मूळ ३.०६ व्होल्टमध्ये प्रत्येक पायरीला ०.०६ व्होल्टची भर पडते, आणि तापमान-गुणांकाच्या चार पर्यायांतून एक निवडता येतो. एसटी७०३२ या अक्षर-नियंत्रकात अंतर्गत व्होल्टेज-वर्धक आणि कॉन्ट्रास्टच्या ६४ पायऱ्या आहेत. तेथे तिसऱ्या पिनचा प्रश्नच उरत नाही. मात्र ते पटल काळे वा कोरे दिसल्यावर कोणती पायरी निवडावी हे ठरविताना खिडकी आणि उंबरठा यांचेच गणित करावे लागते. फरक इतकाच, की तेथे मल्टिमीटर लावण्यास पिन नसते. ८०५१ च्या प्रात्यक्षिकात ती अजून बाहेर आहे, हाताशी आहे. पुढील सत्राच्या प्रात्यक्षिक-वहीत पॉटच्या आकृतीशेजारी शिडीचे पाच रेझिस्टर काढून द्यावेत, आणि विद्यार्थ्याला तिसऱ्या पिनवरील व्होल्टेजबरोबर तिच्यातून वाहणारा प्रवाहही मोजून नोंदविण्यास सांगावे.